नृत्याच्या परीक्षेत पायांना किती गुण?

गेल्या सप्टेंबरात एक आजी आपल्या अकरा वर्षांच्या नातीला घेऊन आजऱ्यातील माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार आजींच्या गुडघ्यांची होती. तपासणी झाली, औषधांची चिठ्ठी लिहून झाली, तरी त्या उठेनात. पिशवीचे बंद चाळवीत बसल्या आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर, हिचा पाय जरा वाकडा पडतोय, पण ताल चुकत न्हाई. नाचाच्या परीक्षेला हिला बसता येईल का, तेवढं सांगा."

मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मलेली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या काही भागाला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा कायमचा अधू राहतो, त्या अवस्थेचे हे नाव. मेंदूतील ही इजा पुढे वाढत जात नाही, आणि अनेक मुलांची बुद्धी पूर्णपणे शाबूत असते. या मुलीचे दोन्ही पाय ताठरतात, त्यातही डावा अधिक. पायाला स्प्लिंट लावून ती चालते, शाळेत जाते. चुलतबहिणीबरोबर कथकच्या वर्गाला जाऊन बसता बसता तीन वर्षांत तीही शिकली.

मी तिला सहज म्हटले, दाखव बरे. स्टुलावर बसल्या बसल्या तिने त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर धरल्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. ठाय लयीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत. तोंडाने बोल चालू होते आणि एकही मात्रा इकडची तिकडे झाली नाही. मग ती ततकारासाठी उभी राहिली. उजवा पाय स्वच्छ वाजला. डाव्याची टाच टेकेना, तो चवड्यावरच उतरत राहिला, आणि तोल जाऊ नये म्हणून तिने माझ्या टेबलाचा कोपरा धरला. लय मात्र तिने सोडली नाही.

वर्गाच्या बाईंनी सांगितले होते, "वर्गात येऊ दे तिला, पण परीक्षेचं काही जमायचं नाही." बाई वाईट नव्हेत. तीन वर्षे त्यांनीच तिला प्रेमाने शिकवले. परीक्षकांपुढे मुलीची फजिती होईल, ही त्यांची भीती. मात्र परीक्षा घेणाऱ्यांना कोणी एका शब्दाने विचारलेले नव्हते. न विचारताच मिळालेला नकार, असा हा प्रकार. दिव्यांग मुलांच्या वाट्याला येणाऱ्या नकारांपैकी बरेचसे याच जातीचे असतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आरोग्यविषयक सदरात नृत्याच्या परीक्षेचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. काम आहे. एक तर व्यावहारिक. आपल्या राज्यात शास्त्रीय संगीत-नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. मैत्रिणींना ते मिळणार आणि हिला वर्गात येऊनही मिळणार नाहीत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. परीक्षेची तारीख ठरली की सरावाला आकार येतो, रोजच्या हालचालीला हेतू मिळतो. भिंतीला धरून पन्नास वेळा टाचा उचलायला कंटाळणारे मूल ततकारासाठी तेच शंभर वेळा करते. आणि आणखी एक. या मुलीच्या आजवर जितक्या तपासण्या झाल्या, त्या सगळ्या तिच्यात काय कमी आहे हे मोजणाऱ्या होत्या. पायाचा कोन किती, ताठरपणा किती, अपंगत्व किती टक्के. तिच्याजवळ काय आहे, हे मोजणारी पहिलीच परीक्षा समोर आली होती, आणि तीच तिला नाकारली जात होती.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले ज्या परीक्षा देतात, त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या पायऱ्या घराघरांत माहीत आहेत. या परंपरेचे मूळ पुरुष पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा, म्हणजे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. शाळेचे शिक्षण पुढे नेणे अवघड झाले, म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास पाठविले गेले. त्याच विष्णुबुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी राहून, मर्जी सांभाळून शिकावयाची विद्या त्यांनी अभ्यासक्रमात बसविली आणि सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेली. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी त्याच वर्षी मंडळ स्थापन केले. दृष्टी अधू झाल्यामुळे शाळेबाहेर पडलेल्या एका मुलापासून जी परीक्षापद्धती निघाली, तिच्या दारात दिव्यांग मूल परके ठरावे, हे मला तरी पटत नाही.

आता मूळ प्रश्न. पाय नीट पडत नसेल तर नृत्य म्हणजे उरते काय?

पुष्कळ उरते. नंदिकेश्वरांचा 'अभिनयदर्पण' हा ग्रंथ भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीपासून पाठ करावा लागतो. त्यात डोक्याच्या हालचालींचे नऊ प्रकार सांगितले आहेत, दृष्टीचे आठ, मानेचे चार आणि एका हाताच्या मुद्रा अठ्ठावीस. यांतील एकाही गोष्टीला उभे राहावे लागत नाही. अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार शास्त्राने मानले. पायांचे काम त्यांपैकी एकाच प्रकारात येते, आणि तिथेही ते एकटे नसते. कथकमध्ये पढंत आहे, म्हणजे बोल लयीत म्हणून दाखविणे. हातावर ताल धरणे आहे, हस्तक आहेत, भाव आहे. लखनौ घराण्याचे शंभू महाराज तर बसून केलेल्या भावासाठीच नावाजलेले होते. ठुमरीचा एकच शब्द घेऊन ते तो निरनिराळ्या भावांनी दाखवीत.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे बैठकीची लावणी आहेच. कलावतीने बसून गावे आणि नजर, भुवई, मनगट यांच्या अदेवर सगळी मैफल तोलून धरावी, ही आपली जुनी रीत. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना त्या लावणीने सर्वदूर मान मिळवून दिला, २०१२ साली पद्मश्री मिळाली. पुढे बसलेल्या जाणकारांना, बाई उभ्या का राहत नाहीत, असा प्रश्न कधी पडला नाही.

अशा वेळी कोणी तरी सुधा चंद्रन यांचे नाव घेतेच. त्या आजींनाही शेजाऱ्यांनी 'नाचे मयूरी' सिनेमाची आठवण करून दिली होती. मुंबईत वाढलेल्या या नर्तकीचा १९८१ साली तमिळनाडूत बसचा अपघात झाला, जखम चिघळली आणि उजवा पाय कापावा लागला. डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम् शिकल्या आणि १९८४ मध्ये रंगमंचावर परतल्या. वेदना सोसून केलेल्या या पराक्रमाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या उदाहरणाचा जो उपयोग केला जातो, त्याबद्दल मात्र नाही. 'त्यांनी करून दाखवले, तूही कर' असे म्हणताना आपण मुलाला असामान्य होण्याची अट घालतो. धडधाकट मुलीला प्रवेशिका परीक्षेला बसण्यासाठी कोणी असामान्य व्हायला सांगत नाही. चांगली, मध्यम, कधी कधी अगदी कच्चीसुद्धा तयारी घेऊन मुली बसतात आणि आपापले गुण घेऊन घरी येतात. दिव्यांग मुलालाही इतकेच साधे असण्याची मुभा हवी.

दुसरे टोक दयेचे. 'बिचारी आली आहे, द्या पास करून.' हे मुलांना ताबडतोब कळते, आणि त्या प्रमाणपत्राकडे ती पुन्हा पाहत नाहीत. सोय आणि सवलत यांतला भेद इथे ध्यानात घ्यावा लागतो. त्रितालाची तिहाई समेवर आली पाहिजे, हा नृत्याचा नियम. तो कोणासाठीही सैल होऊ नये. ती तिहाई उभ्याने दाखविली की खुर्चीवर बसून, घुंगरू पायात होते की मनगटात, मध्ये दोन मिनिटे विश्रांती घेतली की नाही, हा दाखविण्याच्या रीतीचा भाग झाला. तो बदलला तर समेला धक्का लागत नाही.

सगळेच बदलता येईल, असे मात्र मी म्हणणार नाही. पायाच्या आघातातील स्पष्टता हाच ज्या प्रश्नाचा विषय आहे, तिथे डाव्या पायाचे गुण काही कमी होतील, आणि ते मान्य करावे. कमी गुण मिळणे वेगळे आणि दारच बंद असणे वेगळे. शिवाय जो घटक शरीराला शक्यच नाही, त्याच्या जागी त्याच तोलाचा दुसरा घटक मागता येतो. चकरांऐवजी अधिक पढंत, गतनिकासाऐवजी बसून केलेला भाव, ततकाराची लयकारी हाताने फळीवर. मान्य करायचे की नाही, हे परीक्षा घेणारी संस्था ठरवील; परीक्षेच्या दिवशी दारात उभे राहून नव्हे, आधी. इंग्लंडमधील रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था जगभर बॅलेच्या परीक्षा घेते. तिथे दिव्यांग विद्यार्थ्याला हव्या असलेल्या सोयींचा अर्ज आगाऊ करावा लागतो, आणि परीक्षकाला त्याची आधीच कल्पना दिली जाते. बॅलेसारख्या, पायांच्या बोटांवर उभ्या असलेल्या नृत्याला जे जमते, ते मुद्रा आणि भाव यांनी समृद्ध असलेल्या आपल्या नृत्यांना अधिकच जमावे.

कायदा काय म्हणतो, हे आजी-आजोबांनी थोडे समजून घेतलेले बरे. कारण आई-वडील नोकरी-शेतीत अडकलेले असतात आणि अशी कामे घरात वडीलधाऱ्यांकडेच येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे तो सांगतो. वाजवी म्हणजे देणाऱ्यावर अवाजवी बोजा न टाकणारी. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती यांत योग्य बदल करण्यास सांगितले आहे: जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे. आणि ज्याची फारशी वाच्यता होत नाही असे कलम २९. सांस्कृतिक जीवनात समान सहभागाचा हक्क त्यात आहे, आणि त्या ओघात नृत्य आणि कलावर्ग यांतील सहभाग सुलभ करणे, कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची फेररचना करणे, ही कामे सरकार आणि स्थानिक संस्था यांच्यावर सोपविली आहेत. होय, कायद्याच्या पुस्तकात नृत्याचा उल्लेख आहे. मीही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली होती.

नृत्याच्या वरच्या परीक्षांना लेखी प्रश्नपत्रिका असतात. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिकाची सोय आहे आणि दर तासाला किमान वीस मिनिटे भरपाई वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक. या सोयी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठीच आहेत, असे पूर्वी मानले जाई. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला की लेखनिक मिळण्यासाठी ती चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. तेव्हा प्रमाणपत्रावर टक्के कमी आहेत म्हणून गप्प बसू नका.

प्रमाणपत्र मात्र काढून ठेवावे. त्यासाठी दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची नोंदणी ऑनलाइन होते, तपासणी सरकारी रुग्णालयात. कोल्हापूरचे सी.पी.आर. आजऱ्याहून सुमारे ८५ किलोमीटर. मूल, दप्तर, जुने कागद आणि स्वतःचे गुडघे घेऊन हा प्रवास करणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. एक विनंती: अकरा वर्षांचे मूल उचलून एस.टी.च्या पायऱ्या चढू नका. आधी मुलाला दांडी धरू द्या, मागून फक्त कमरेला आधार द्या आणि वाहकाला थांबायला सांगा. पाठीचा कणा तुमचाही एकच आहे.

आता परीक्षेच्या दिवसाकडे येऊ. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू थंडीने, थकव्याने, घाईने आणि भीतीने अधिक ताठरतात. लघवी तुंबली, बद्धकोष्ठ झाला, तरीही ताठरतात. हे फार थोड्यांना ठाऊक असते. परीक्षेच्या केंद्रावर स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आहे किंवा पायऱ्या चढून आहे, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. मग ऐन वेळी पाय आखडतो आणि सगळे म्हणतात, घाबरली. तेव्हा केंद्र आधी पाहून या. खोली तळमजल्यावर मागा, स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा. लांबून जायचे असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जावे, नाहीतर दुपारची वेळ मागावी. फरशी गुळगुळीत असेल तर स्प्लिंट घसरतो आणि स्प्लिंटमध्ये पायाचा आवाजही निघत नाही. छोटा तुकडा अनवाणी करायचा आणि मधल्या वेळी स्प्लिंट चढवायचा, असे करता येते, पण ते फिजिओथेरपिस्टला विचारून. मोठ्या नर्तकींच्या एकेका पायात शंभर-शंभर घुंगरू असतात; या मुलांना थोडे पुरेत, वजनाने पाय ओढला जातो. ताठरपणा कमी करणारी इंजेक्शने किंवा पायाचे प्लास्टर ठरलेले असेल, तर त्याची तारीख परीक्षेशी ताडून पाहा. फिटची औषधे घेणाऱ्या मुलाचा सकाळचा डोस परीक्षेच्या गडबडीत चुकता कामा नये.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. ती मुले लय अंगाने घेतात. लाकडी फळीवर उभे केले तर ठेक्याची कंपने तळपायांतून कळतात. तबलजीचे हात स्पष्ट दिसतील असे त्यांना उभे करावे. ध्वनिमुद्रित लेहऱ्यापेक्षा समोरची साथ त्यांना कितीतरी सोयीची. परीक्षकाने प्रश्न विचारताना तोंड वहीकडे नव्हे, मुलाकडे ठेवावे, एवढी साधी गोष्ट पुष्कळ काम करते. खुणांच्या भाषेचा जाणकार लागत असेल तर त्याने प्रश्न समजावून द्यावा, उत्तर सुचवू नये.

दृष्टिबाधित मुलांना आधी दहा मिनिटे मोकळ्या खोलीत फिरू द्यावे, तबला कुठे आणि भिंत कुठे ते पावलांनी मोजू द्यावे. नाचण्याच्या जागेच्या कडेला सतरंजी किंवा जाड सुतळी चिकटवली की तळपायाला हद्द कळते. परीक्षक मान डोलावून 'पुढे' म्हणतात. इथे त्यांनी तोंडाने म्हणायला हवे. स्वमग्न मुलाला बाहेरच्या कोलाहलात दोन तास बसविणे म्हणजे परीक्षेपूर्वीच नापास करणे होय. त्याला पहिला क्रमांक मागावा, आणि काय काय होणार त्याची चित्रे क्रमाने आधी दाखवावी. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. जोराच्या चकरा, मानेला झटके देण्यापूर्वी त्यांची एकदा तपासणी व्हावी. असे मूल चालताना अडखळू लागले, मान तिरपी धरू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर नाच थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

चाकाच्या खुर्चीबद्दल कोल्हापूरकरांना फार सांगावे लागू नये. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, आणि त्यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेचे काम जिल्ह्याने पाहिले आहे. तरीही सभागृहाच्या दारातील एक पायरी आणि मंचाच्या चार पायऱ्या अजून तशाच आहेत. नृत्याची परीक्षा मंचावर घेतलीच पाहिजे, असे काही नाही. ती खाली, सपाट जमिनीवर होऊ शकते. उतरण बांधायला वेळ लागतो, खाली यायला परीक्षकांना एक मिनिट.

हे सगळे आजींना एका बैठकीत सांगितले नाही. त्या दोनदा आल्या, तिसऱ्यांदा वर्गाच्या बाईंना घेऊन आल्या. बाईंची शंका रास्त होती: "इतर मुलींचे पालक म्हणतील, हिला बसून आणि आमच्या मुलींना उभ्याने का?" मी म्हटले, त्यांच्या मुलींनाही बसून करू द्या, ताल सुटला तर कळेलच. बाई हसल्या, आणि मग आम्ही अर्ज लिहायला बसलो. सवय अशी असते की अर्जात 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असे लिहायचे. आजींनीही तेच वाक्य आधी सांगितले. ते आम्ही काढून टाकले. त्यातून वाचणाऱ्याला काय करायचे, ते कळत नाही.

अर्ज असा झाला: "माझी नात कथकच्या परीक्षेस बसत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी असून ती आधाराशिवाय सलग आठ मिनिटे उभी राहू शकते. सबब पुढील सोयी मिळाव्यात. परीक्षा तळमजल्यावर व दुपारी अकरानंतर घ्यावी. हातावरचा ताल, पढंत व हस्तक खुर्चीवर बसून करू द्यावेत. ततकार उभ्याने करताना समोर धरण्यासाठी खुर्चीची पाठ किंवा टेबल असावे. दोन घटकांमध्ये तीन मिनिटे विश्रांती मिळावी. चकरा तिला शक्य नाहीत. त्याऐवजी पढंतीतील अधिक तोडे विचारावेत. गुण नेहमीच्या निकषांनीच द्यावेत. परीक्षकांना या पत्राची प्रत आधी मिळावी. सोबत वैद्यकीय दाखला व दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे." खाली आजींची सही, वर्गाच्या बाईंची सही. आठ मिनिटांचा आकडा आम्ही घड्याळ लावून, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून घेतला होता. माझ्या दाखल्यातही रोगाच्या लॅटिन नावापेक्षा मुलीला काय जमते आणि काय नाही, हेच लिहिले. डॉक्टरांकडून असा दाखला मागून घ्यावा. पुष्कळदा आम्ही मंडळी नुसते निदान लिहून मोकळे होतो आणि परीक्षकाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच द्यावा, नंतर नव्हे. पोच ठेवावी. उत्तर नाही आले तर फोन करावा, मग पुन्हा पत्र. पुण्याला राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे आणि तिथे तक्रार करता येते, परंतु ती शेवटची पायरी. बहुतेक ठिकाणी माणसे नाही म्हणत नाहीत. काय करायचे, ते त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आजींनी पत्र स्पीड पोस्टाने धाडले. आठवड्याभराने केंद्रावरून फोन आला. व्यवस्थापकांना एवढेच विचारायचे होते, की खुर्ची हातांची ठेवायची की बिनहातांची. आजींना ते काही सांगता येईना. त्यांनी फोन नातीच्या हाती दिला.

"बिनहातांची ठेवा," ती म्हणाली. "हातांची असली की हस्तक करताना कोपर आपटतंय."